वेग हेच शस्त्र

७ ऑगस्ट २०२३ च्या रात्री, बाराच्या सुमारास, मेलबर्नच्या आकाशातून आगीचा लोळ तुकडे होत सरकत गेला. शहराच्या उत्तर टोकाला असलेल्या क्रेगीबर्नला टुलामरीन विमानतळ जवळ आहे. रात्री डोक्यावरून सरकणारे दिवे तिथल्या मराठी घरांना रोजचेच. हा उजेड मात्र विमानाचा नव्हता. व्हिक्टोरियात ठिकठिकाणी लोकांना गडगडाटही ऐकू आला. ते बहुधा रशियाच्या सोयुझ-२ रॉकेटचे वातावरणात परतणारे अवशेष होते, असे ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने नंतर सांगितले.

गडगडाट झाला तो हवेमुळे. आणखी काहीशे किलोमीटर उंचावर तेच रॉकेट फुटले असते, तर शेजारून जाणाऱ्या यानातल्या माणसालाही काही ऐकू आले नसते. तरी पडद्यावरची अंतराळयुद्धे कानठळ्या बसवतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या लढाया बेतताना जॉर्ज लुकासने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या चकमकींचे चित्रीकरण समोर ठेवले होते. म्हणून तिथली याने विमानांसारखी कलून वळतात. विमानाच्या पंखांना हवेचा आधार असतो. निर्वातात नुसते नाक फिरवून भागत नाही. इंजिन पेटवेपर्यंत यान जुन्याच दिशेने जात राहते. स्टॅन्ली कुब्रिकने १९६८ मध्येच ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त बाहेरच्या अवकाशात शांतता राखली होती, आणि ती शांतता कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त धडकी भरवते.

लेसरची रंगीत रेघ हा दुसरा आवडता देखावा. किरण बाजूने दिसायला वाटेत धूळ किंवा धुके लागते. अवकाशात ती रेघ दिसणारच नाही. शिवाय किरण पसरतो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकाकडे पृथ्वीवरून लेसर सोडतात, तेव्हा तिथे पोचेपर्यंत त्याचा झोत काही किलोमीटर रुंद झालेला असतो. एवढ्या पसरलेल्या झोताने शत्रूचे यान चिरले जाणार नाही.

त्याहून अवघड प्रश्न उष्णतेचा. इंजिन आणि शस्त्रे चालवणारे यान तापते, पण ती उष्णता वाहून न्यायला बाहेर हवा नसते. ती प्रारणाच्या रूपानेच टाकावी लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला त्यासाठी मोठमोठे पांढरे रेडिएटर बसवले आहेत. असे तापलेले यान थंड, काळ्या अवकाशात अवरक्त दुर्बिणीला फार लांबून दिसू शकते. सह्याद्रीत गनिमी काव्याला दऱ्याखोऱ्यांची साथ होती. अंतराळात आडोसा जवळजवळ नाहीच. अचानक छापा घालणारी अदृश्य याने लिहिणाऱ्याने या अडचणीचे उत्तर कथेतच द्यायला हवे. ते शोधताना नवे कथानक सापडू शकते.

मग खरे शस्त्र कोणते? वेग. पृथ्वीजवळच्या कक्षेत प्रत्येक वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास धावते, आणि दोन कक्षा छेदतात तिथे सापेक्ष वेग सेकंदाला दहा किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. त्या वेगाने येणाऱ्या एक किलो लोखंडात सुमारे बारा किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. स्फोटक भरायची गरजच उरत नाही. १९८३ मध्ये रंगाच्या एका बारीक कपचीने चॅलेंजर यानाच्या खिडकीला खड्डा पाडला आणि ती काच बदलावी लागली. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम ३३ आणि निकामी झालेला कॉसमॉस २२५१ हे उपग्रह सायबेरियाच्या वर आदळले. दोघांचा चुराडा झाला, आणि कोणी काही झाडलेही नव्हते.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत नारळीकर. त्यांच्या ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीच्या रोखाने येणाऱ्या धूमकेतूला अणुस्फोटांनी वाटेवरून ढळवण्याची योजना आहे, आणि दुसरीकडे त्याच संकटावर यज्ञही मांडला जातो. योजना भौतिकशास्त्राला धरून आहे. निर्वातात स्फोटाचा दणका पोचवायला हवा नसते. पण प्रारणाने पृष्ठभागाची वाफ होते आणि सुटणारी वाफ उलटा रेटा देते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने तर स्फोटकाशिवायच काम केले. सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने ते डिमॉर्फस या लहानग्या लघुग्रहावर आदळले आणि त्याचा मोठ्या सोबत्याभोवतीचा परिभ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटला.

कक्षेतल्या युद्धात मारणाराही सुटत नाही. जानेवारी २००७ मध्ये चीनने आपलाच एक हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरहून अधिक उंचीवर फोडला. त्याचे तीन हजारांहून जास्त तुकडे नोंदले गेले आणि बरेचसे अजून फिरत आहेत. २७ मार्च २०१९ च्या मिशन शक्तीत भारताने मुद्दाम तीनशे किलोमीटरच्या आत मारा केला, म्हणजे तुकडे लवकर खाली येतील. बहुतेक आलेही, पण काही त्या धडकेने अंतराळ स्थानकाच्या कक्षेहून उंच फेकले गेले. ‘ग्रॅव्हिटी’ चित्रपटाने २०१३ मध्ये हाच धोका पडद्यावर आणला. हबल दुर्बिणीजवळून स्थानकापर्यंत सहज जाण्याची त्यातली कल्पना मात्र खोटी आहे. दोघांच्या कक्षांचा कल इतका वेगळा आहे, की पाठीवरच्या इंधनावर ते अंतर तुटणार नाही. ‘द एक्सपान्स’ मालिका या बाबतीत पुष्कळ काटेकोर आहे. तिथली याने मुक्कामाच्या अर्ध्या वाटेत उलटी फिरतात आणि इंजिनाच्याच जोरावर वेग कमी करतात.

एप्रिल २०२२ मध्ये एका संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, आकाशातून धातूचे भलेमोठे कडे पडले. ते चीनच्या रॉकेटचे असावे, असे अभ्यासकांनी सांगितले. अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान झाले तर ती सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार, असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने तीस लाख कॅनडियन डॉलर भरले. कक्षा, वेग, कायदा आणि सिंदेवाही तालुक्यातले एक गाव, एवढे सगळे हाताशी असताना मराठी विज्ञानकथाकारांनी परक्या आकाशगंगेतल्या लेसरच्या तलवारी उसन्या आणू नयेत. पुढच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी लाडबोरीची कथा लिहावी, आणि लिहिण्याआधी त्या कड्याच्या वेगाचे गणित करावे.