खंडोबापुढची शपथ

निवृत्ती चौकातल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्याला वळसा घालून मामांकडं पोचले, तर ते दांडपट्ट्याच्या पात्यावर तेलाचं फडकं फिरवत बसलेले. वर न बघताच म्हणाले, ‘‘परवा बाण डाव्या दंडात घुसला आणि काल पट्टी उजव्या दंडाला. काय गं, मालिका लिहिता का झोपता?’’

‘‘ती चूक शूटिंगवाल्यांची. माझी अडचण वेगळीच आहे, मामा. ‘माझा नातू’ या ताराराणींच्या शब्दावर रामराजा १७५० ला साताऱ्याच्या गादीवर बसला. त्याच वर्षी त्यांनी त्याला किल्ल्यावर कैद केलं. मग म्हणाल्या, हा नातूच नव्हे. १७५२ ला जेजुरीत तशी शपथ घेतली. चॅनेलवाले म्हणतात, कथा जुळत नाही, एक काहीतरी काढा.’’

‘‘शपथ काढ. आमच्या ताराराणीला खंडोबापुढं खोटं बोलताना दाखवणार? कावळा नाक्यावरचा तिचा पुतळा बघत वाढलीस तू.’’

‘‘शपथ काढली तर नातू खरा ठरतो. मग सख्ख्या नातवाला आजीनं डांबलं कशाला?’’

फडकं थांबलं. ‘‘पेशव्याच्या ओंजळीनं पाणी पीत होता म्हणून. आणि न जुळायला काय झालं? कोल्हापूरची गादी हिनं थाटली, १७१४ ला हिच्या सवतीनं, राजसबाईनं आपला लेक तिच्यावर बसवला आणि हिलाच पन्हाळ्यावर कोंडलं. ते तरी कुठं जुळतंय? घडलं तसं लिही.’’

(मामांचा निम्मा इतिहास पोवाड्यांतला, पण सालं चुकत नाहीत.)

‘‘लिहीन हो. इतिहासकार दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून मोकळा होतो. मला नटी विचारते, ‘शपथ घेताना मी खरं बोलतेय की खोटं?’ तिला काही सांगितलं, की मी निकाल दिला. गप्प बसले, तर लोक म्हणणार, लेखिका मागचं विसरली.’’

‘‘दोन्ही वेळा खरंच मानून बोल म्हणावं.’’

‘‘म्हणजे वेडी दाखवू?’’

‘‘औरंगजेबाला सात वर्षं झुंजवणारी बाई वेडी?’’

‘‘मग खोटारडी?’’

मामांनी पट्ट्याच्या मुठीत कोपरापर्यंत हात घातला, मनगट हलवून बघितलं, परत काढला. ‘‘बेल-भंडारा उचलताना पाठमोरी दाखव. आणि कुठल्या हातानं उचलते ते लिहून ठेव, नायतर परत पट्टीसारखं व्हायचं.’’

‘‘पाठमोरी दाखवली तरी आवाज ऐकू येणारच की. तो कसा लावायला सांगू?’’

‘‘मामी चहा ठेवतीया,’’ मामा म्हणाले, ‘‘बस जरा.’’