सेल्यूकसचे घराणे: थोरली पाती, धाकटी पाती
अलेक्झांडरच्या साम्राज्याचे तुकडे झाले, त्यातला सर्वांत मोठा पहिल्या सेल्यूकसच्या हाती लागला. चंद्रगुप्त मौर्याला सिंधूकडचा मुलूख देऊन पाचशे हत्ती घेणारा राजा तो हाच. त्याचे राज्य सुमारे अडीचशे वर्षे टिकले. त्यातली अखेरची शंभराहून अधिक वर्षे भाऊबंदकीत गेली. या भाऊबंदकीचे मूळ एका न सुटलेल्या प्रश्नात आहे. राजाचा मुलगा लहान किंवा दूर असेल, तर गादी त्याची की चुलत्याची? आणि चुलता एकदा बसला, की त्याच्या मुलाचा हक्क कोणता? घराण्याने याचा नियम कधीच ठरवला नाही.

फुटीचे प्रसंग आधीही आले होते. दुसरा अँटिओकस इ.स.पू. 246 मध्ये वारला तेव्हा त्याच्या दोन राण्यांत, लाओडिकी आणि इजिप्तची राजकन्या बेरेनिकी यांच्यात, वारसाहक्काचा वाद पेटला. बेरेनिकी आणि तिचे मूल मारले गेले, तिथे ती शाखा खुंटली. पुढे लाओडिकीचेच दोन मुलगे एकमेकांवर उठले; धाकट्या अँटिओकस हायराक्सने आशिया मायनर बळकावले, पण त्याचा वंश गादीपर्यंत पोचला नाही. हे झगडे घरातच मिटले, कारण बंडखोराला बाहेरून पोसणारी मोठी सत्ता तेव्हा फार तर इजिप्तची होती.

रोमच्या प्रवेशाने हे बदलले. इ.स.पू. 188 च्या अपामियाच्या तहानंतर राजपुत्र ओलीस म्हणून रोममध्ये राहू लागले. चौथ्या सेल्यूकसने आपला भाऊ अँटिओकस सोडवून घेतला आणि बदल्यात स्वतःचा मुलगा डिमीट्रियस तिकडे पाठवला. इ.स.पू. 175 मध्ये सेल्यूकसचा खून झाला तेव्हा खरा वारस रोमच्या ताब्यात होता आणि चुलता मोकळा. पर्गमॉनच्या मदतीने चुलत्याने, म्हणजे चौथ्या अँटिओकसने, गादी मिळवली. सेल्यूकसचा दुसरा, लहान मुलगा काही वर्षे नावापुरता सहराजा होता, इ.स.पू. 170 मध्ये त्याचा काटा काढला गेला. थोरली आणि धाकटी पाती इथे वेगळ्या झाल्या.

चौथा अँटिओकस वारल्यावर डिमीट्रियसने आपला हक्क रोमन सिनेटपुढे मांडला. सिनेटने तो नाकारला, कारण तरण्याताठ्या राजापेक्षा चौथ्या अँटिओकसचा अल्पवयीन मुलगा पाचवा अँटिओकस रोमला सोयीचा होता. इ.स.पू. 162 मध्ये डिमीट्रियस रोममधून निसटला. या पलायनाला हातभार लावणारा पॉलिबियस स्वतःही तिथे अडकलेला ग्रीक. पुढे इतिहासकार म्हणून त्यानेच ही हकीकत लिहून ठेवली. परतल्यावर डिमीट्रियसच्या राज्यात चुलतभावाला मारण्यात आले. धाकटी पाती संपायला हवी होती.

ती संपली नाही, कारण शेजाऱ्यांना ती हवी होती. चौथ्या अँटिओकसचा मुलगा म्हणवणारा अलेक्झांडर बालास पुढे आला. बहुतेक प्राचीन लेखकांनी त्याला तोतयाच मानले आहे. पण पर्गमॉन, इजिप्त आणि रोम यांनी त्याला मान्यता दिली, आणि इ.स.पू. 150 मध्ये डिमीट्रियस लढाईत पडला. बालास खरा की खोटा, हा प्रश्न त्यामुळे फारसा उरत नाही: त्याच्या शाखेला रक्ताहून पाठीराख्यांचा आधार मोठा होता.

यापुढे वंशवृक्ष फक्त पुरुषांच्या नावांनी वाचता येत नाही. इजिप्तची राजकन्या क्लिओपात्रा थिया आधी बालासची, मग डिमीट्रियसचा मुलगा दुसरा डिमीट्रियस याची, आणि तो पार्थियनांच्या कैदेत पडल्यावर त्याचा भाऊ सातवा अँटिओकस याची राणी झाली. तिघांपासूनही तिला मुलगे झाले. बालासपासूनचा सहावा अँटिओकस लहानपणीच गेला. उरलेल्यांत आठवा अँटिओकस ग्रायपस दुसऱ्या डिमीट्रियसचा, नववा अँटिओकस सायझिकेनस सातव्या अँटिओकसचा. आईकडून सावत्र भाऊ, बापाकडून चुलतभाऊ. म्हणजे थोरल्या पातीलाच आता पुन्हा दोन फाटे फुटले.

दोघांच्या राण्याही इजिप्तच्या सख्ख्या बहिणी. ग्रायपसची राणी ट्रायफिना हिने सायझिकेनसच्या पत्नीला, स्वतःच्या बहिणीला, मारवले आणि पुढे सायझिकेनसने ट्रायफिनाला. त्यांची तिसरी बहीण सेलीनी आधी ग्रायपसची, मग सायझिकेनसची, नंतर सायझिकेनसच्या मुलाची राणी झाली. ग्रायपस आणि सायझिकेनस यांच्यातल्या युद्धाचा फायदा कोणाला झाला, तर शहरांना. टायरने आधीच, इ.स.पू. 126 च्या सुमारास स्वायत्तता मिळवून स्वतःचा शक सुरू केला होता. या भांडणात सेल्युकिया पिएरियालाही ती मिळाली. एकेका शहराची निष्ठा विकत घेताना राजांकडे द्यायला दुसरे काही राहिले नव्हते.

पुढच्या पिढीत ग्रायपसचे पाच मुलगे, एका बाजूने सायझिकेनसच्या मुलाशी आणि वेळ आली की आपसांतही लढले. मग सीरिया आर्मेनियाच्या टिग्रानीसकडे गेला. रोमन सेनापती ल्यूकलसने तेराव्या अँटिओकसला पुन्हा राजा केले, पण इ.स.पू. 64 मध्ये पाँपीने तेही संपवून सीरियाचा रोमन प्रांत बनवला.

पुरुषशाखांनी एकमेकींना असे खाऊन टाकले. वंशाचा अभिमान चालवला तो एका मुलीच्या वंशाने. ग्रायपसची मुलगी लाओडिकी कॉमाजिनीच्या राजाला दिली होती. तिचा मुलगा पहिला अँटिओकस याने नेमरुत पर्वतावर पूर्वजांच्या प्रतिमा उभारल्या, बापाकडून इराणी सम्राट आणि आईकडून सेल्यूकसचे घराणे. इ.स. 72 मध्ये कॉमाजिनीही रोमने खालसा केले. तिथल्या शेवटच्या राजाचा नातू फिलोपापस अथेन्सचा नागरिक आणि रोमचा कॉन्सल झाला. त्याच्या अथेन्समधल्या स्मारकावर, आजोबांबरोबरच, पहिल्या सेल्यूकसलाही जागा होती.