दोनदा परतलेला गायक

थ्रॅश मेटलच्या बँडमध्ये गिटारवादक बदलला तर श्रोते कुरकुरतात, गायक बदलला की मात्र हमरीतुमरीवर येतात. न्यूयॉर्कच्या अँथ्रॅक्सच्या वाट्याला हे भांडण कित्येक वर्षं आलं. सप्टेंबर २०११मध्ये त्यांचा 'वर्शिप म्युझिक' हा अल्बम निघाला तेव्हा चाहत्यांच्या तोंडी एकच बातमी होती, गायक जोई बेलाडोना परत आला! बातमी खरी होती, पण मला ती नेहमीच अपुरी वाटत आली आहे. कारण बेलाडोना त्याआधीही एकदा परतला होता आणि त्या परतण्यातून नव्या गाण्यांचा एकही अल्बम निघाला नव्हता.

बँड १९८१ सालचा. पहिल्या अल्बमनंतर, १९८४ साली बेलाडोना आला आणि अँथ्रॅक्सला स्वतःचा आवाज मिळाला. थ्रॅशचा गायक बहुतेक वेळा गिटारच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शब्द आपटत जातो. मेटालिकाचा जेम्स हेटफील्ड घ्या किंवा स्लेयरचा टॉम अराया घ्या, गाणं जवळजवळ आरोळीवर उभं असतं. बेलाडोना तसा नाही. १९८७चा 'अमंग द लिव्हिंग' लावून पाहा. खाली गिटारवादक स्कॉट इयनचा उजवा हात दाबून धरलेल्या तारांवर एकसारखे आघात करत असतो, चार्ली बेनांटेचे दोन्ही पाय ड्रमच्या पायट्यांवर धावत असतात आणि या सगळ्या धुमश्चक्रीच्या वर हा माणूस एखादा उंच, स्वच्छ स्वर लांबवत राहतो. वेग खाली, ठहराव वर. ही जोडणी त्या काळात फार थोड्यांना साधली.

१९९२ साली बँडने त्याला बाजूला केलं आणि आर्मर्ड सेंट या बँडचा गायक जॉन बुश आला. त्याचा आवाज जाड, खरखरीत, बोलण्याच्या जवळचा. त्याच्याबरोबर संगीतही बदललं. चाल मंदावली, गिटारचे रिफ जड झाले. 'साउंड ऑफ व्हाइट नॉइज' (१९९३) हा त्या वळणाचा पहिला अल्बम, आणि माझ्या मते अँथ्रॅक्सच्या सगळ्यांत चांगल्या दोन-तीन अल्बमांतला एक. बुशने नव्या गाण्यांचे चार अल्बम दिले. शिवाय २००४मध्ये 'द ग्रेटर ऑफ टू ईव्हिल्स'साठी त्याने बँडची जुनी गाणी, म्हणजे बहुतांशी बेलाडोनाचीच, चाहत्यांनी मतं देऊन निवडलेली, नव्याने गायली. दुसऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी गाणी गायला मोठं मन लागतं. त्याचं त्याला हवं तेवढं श्रेय कधी मिळालं नाही, याची मला खंत आहे.

२००५मध्ये बेलाडोनासह जुना संच पुन्हा एकत्र आला. दौरे झाले, 'अलाइव्ह २' हा मंचावरचा अल्बम निघाला, लोकांनी जुनी गाणी जल्लोषात ऐकली. नवं गाणं मात्र आलं नाही आणि २००७मध्ये सगळं विरलं. अशा पुनर्मीलनांबद्दल माझी तक्रार हीच आहे. ती आपल्या आठवणी आपल्यालाच परत विकतात. आपण वीस वर्षांचे असताना जसं वाटलं तसं तासभर वाटतं, पण कलावंत तिथेच थिजतो.

त्यानंतर डॅन नेल्सन नावाचा नवा गायक आला. त्याच्यासह अल्बम ध्वनिमुद्रित होत आला असतानाच २००९मध्ये तोही बाहेर पडला. काही कार्यक्रमांपुरता बुश मदतीला धावला. जून २०१०मध्ये मेटालिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे चार बँड वॉर्सात पहिल्यांदा एका मंचावर आले, तेव्हा अँथ्रॅक्सकडून बेलाडोना उभा होता. हेही आठवणींच्या उत्सवावरच थांबलं असतं. पण या वेळी समोर काम पडलेलं होतं. अर्धवट राहिलेला एक अख्खा अल्बम होता, तोच पुढे 'वर्शिप म्युझिक' झाला.

ती गाणी बेलाडोनासाठी रचलेली नव्हती. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा त्याला अंगात घालायचा होता. काही गाणी बदलली गेली, गायकीच्या चाली नव्याने बेतल्या गेल्या, पण त्यांचा सांगाडा त्याआधीच्या वीसेक वर्षांतल्या अँथ्रॅक्सचा होता. म्हणूनच हा अल्बम १९८७कडे परत जात नाही. 'आय'म अलाइव्ह'ची जड, पाय आपटत चालणारी लय बुशच्या काळाशिवाय सुचली नसती आणि तिच्यावर तरंगणारी चाल बुशच्या गळ्यातून निघाली नसती.

चेलोच्या एका छोट्या तुकड्यानंतर येणारं 'इन द एंड' हे जवळजवळ सात मिनिटांचं गाणं नीट ऐकावं. ते दोन दिवंगतांना वाहिलेलं आहे. एक गिटारवादक डाइमबॅग डॅरेल, ज्याला डिसेंबर २००४मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात मंचावरच गोळी घालून मारण्यात आलं. दुसरा गायक रॉनी जेम्स डिओ, जो मे २०१०मध्ये कर्करोगाने गेला. डाइमबॅग बुशच्या काळातल्या अल्बमांमध्ये पाहुणा म्हणून गिटार वाजवून गेला होता. म्हणजे ते मैत्र बेलाडोना बँडमध्ये नसतानाच्या वर्षांतलं. डिओ मात्र उंच, मोकळ्या, सुरेल मेटल गायकीच्या घराण्याचा, बेलाडोना स्वतःही त्याच घराण्यातला. बँडच्या दोन काळांची दोन दुःखं एकाच गळ्यातून येतात. पन्नाशीतला बेलाडोना इथे वरच्या पट्टीची कसरत दाखवत नाही, तो स्वर धरून ठेवतो आणि त्या धरण्यात वय ऐकू येतं. १९८७च्या बेलाडोनाला हे गाणं असं गाता आलं नसतं.

अल्बम निर्दोष नाही. उत्तरार्धातली एक-दोन गाणी रेंगाळतात. तरी पहिल्या परतण्यात आणि या परतण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. परतलेल्या माणसाने मधल्या वर्षांचा हिशेब नाकारला नाही, उलट ती वर्षं गायली. खंत एवढीच, की श्रोत्यांमधला एक मोठा गट बुशचा काळ पुसून टाकायला उत्सुक असतो आणि त्या काळातली गाणी बँडच्या कार्यक्रमांतही क्वचितच वाजतात. 'वर्शिप म्युझिक' आवडणाऱ्याने त्या पुसण्यात सामील होणं हा त्या अल्बमवरच अन्याय आहे.

तेव्हा हा अल्बम ऐकायला घ्याल, तर आधी 'अमंग द लिव्हिंग' ऐका, मग 'साउंड ऑफ व्हाइट नॉइज' ऐका, आणि मगच याच्याकडे या.