पुढं चालणारा देव

गॅस, कूलर, ज्वारीची पोती, पोरीची सायकल, सगळं पिकअपमध्ये चढलं आणि देवांचं काय, हा प्रश्न राहिला. याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "देव इथंच राहतील. तू जा." फुलसावंगीहून चाकणला निघालेल्या माणसाला हे झोंबतं. देव जागेचा की माणसाचा?

आमच्याकडं याचं उत्तर माहूरवरून देतात. दत्तप्रभू काशीत स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात, पण निजायला पैनगंगेपलीकडं माहूरलाच येतात. म्हणजे रोज हिंडणाऱ्या देवालाही मुक्कामाचं गाव आहे. उलट चक्रधरस्वामी भडोचहून रामटेकचं निमित्त सांगून निघाले ते परतलेच नाहीत, आणि शिष्यांनाही गावाचा, गोतावळ्याचा संबंध तोडायला सांगत राहिले. तेराव्या शतकातली ती शिकवण मोठी खरी, पण मला ती लागू होत नाही. कोरडवाहू कापसानं ज्याला गावाबाहेर काढलं, त्याच्या जाण्याला त्याग म्हणणं ही थट्टा आहे. सोडायला आधी हाती काही असावं लागतं.

"आपण लमाण, वाट हेच आपलं घर," असं सभेत टाळ्या घेणारे म्हणतात. त्यांनी भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरलेलं नसतं.

तरी लमाणांची एक गोष्ट मला सुटत नाही. यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा तेव्हा, 1882 मध्ये, कंबरलेज या इंग्रज अधिकाऱ्याची बंजाऱ्यांवरची पुस्तिका छापून आली. तीत हटाडिया नावाचा देवाला सोडलेला बैल आहे. गळ्यात घंटा, अंगावर लाल रेशमी झुली-गोंडे, पाठीवर ओझं कधीच नाही. तो तांड्याच्या पुढं चालायचा. दमून जिथं बसला तिथं त्या दिवसाचा मुक्काम. अखेर कुठं पोचायचं, हे तो सांगत नसे. आज कुठं थांबायचं, एवढंच सांगे. देवाकडून याहून जास्त काय मागावं, मला कळत नाही.

मेहकरला समृद्धी महामार्गावर चढलो. तिथं मोटारीला ताशी 120 ची मुभा आणि मधेच थांबायला मनाई. हटाडिया बसला असता तर दंड झाला असता.

पण याडीचं म्हणणं मला त्याच रस्त्यावर पटू लागलं. तो बैल चालला, कारण मागं अख्खा तांडा होता. एकट्या पिकअपच्या पुढं देव चालेल कशाला? त्याला थांबवून घ्यायला माणसं लागतात.

चाकणला पुसद-दिग्रसकडची पोरं भेटली. 15 फेब्रुवारीला आमच्या संत सेवालालांच्या जयंतीचा भोग आम्ही खोल्यांमागच्या मोकळ्या जागेत लावला. गॅसवर निखारे कुठले, म्हणून इस्त्रीवाल्याकडून मागून आणले. त्यावर तूप सोडलं, अरदास झाली. फोनवर याडीला हे सांगायला लागलो. निखाऱ्यांचं तिनं ऐकूनच घेतलं नाही.

"जेवायला किती माणसं होती?" तिनं विचारलं.