आजचं चिंतन : भुसा कुणाच्या अंगणात?



गीतेच्या १२व्या अध्यायातला १५वा श्लोक सांगतो, ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही आणि लोकांमुळे जो त्रासत नाही, तो भक्त भगवंताला प्रिय. ऐकायला सोपं आहे ना?

आता समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीला, गावच्या घरी, तुम्हाला सुतारकामाची खोली थाटायचीय. सागाच्या फळ्या, रंधा, पटाशी, विजेची करवत... यादी लगेच तयार होते. हात चालतात, मन शांत होतं. ही साधनाच की!

पण शेजारच्या आजीसाठी? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवलीय. आपण मास्क लावू, तिचं काय? खोली माझी, पण हवा आणि दुपारची शांतता दोघांची.

म्हणून आखणी उलटी करा. आधी धूळ ओढायची सोय, वाऱ्याची दिशा, कामाची वेळ, करवत शेवटी. जमेल तिथे हातरंधाच वापरा. आवाज कमी, आणि उडणाऱ्या धुळीऐवजी ढलप्या निघतात.

मग कुणाला त्रास नको म्हणून काहीच करायचं नाही का? तसं नाही. श्लोकाचा दुसरा अर्धा भाग इथेच कामाला येतो. इतकं करूनही तक्रार आली, तर न चिडता ऐकून घ्यायचं. ती तक्रारसुद्धा साधनेतच धरायची.

आजचा संकल्प : मशीन ऑर्डर करण्याआधी शेजारचं दार वाजवायचं.

राम कृष्ण हरी!