भंगारात काढलेला रंधा



चर्चमागच्या शेडमधील जुने रंधा मशीन भंगारात द्यावे, असा ठराव पॅरिश कौन्सिलने केला आणि त्यावर आम्हीही सही केली. मशीन गंजले होते, मोटार फिरत नव्हती. आपण ज्या बाकांवर बसतो त्यांच्या फळ्या याच रंध्यावर साफ झाल्या, हे आम्हांला ठाऊक नव्हते. ते सांगितले एका वयोवृद्ध सुतारमामांनी. त्यांनी चार शनिवार मागून घेतले.

गंज वरवरचाच निघाला. रॉकेल लावून पॉलिश पेपरने घासल्यावर खालचे बीड चकाकू लागले. त्यावर मामांनी वेदीवरच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे घासले. मेणामुळे फळी सहज सरकते आणि दमट हवेत गंजही लवकर धरत नाही. बेअरिंग आणि पट्टा मात्र नवे घ्यावे लागले. सर्वांत जास्त वेळ गेला पाती बसवण्यात. पाते मागच्या पाटापेक्षा केसभर वर राहिले, तरी फळीच्या शेवटी खाच पडते.

मोटारीला वीज दिली की ती नुसती घूं करी. आम्ही म्हणालो, जळाली. मामांनी पट्टा काढला, काठीने कप्पीला जरासा धक्का दिला (हे घरी करून पाहू नये), आणि मोटार फिरू लागली ती फिरतच राहिली. "फादर, मोटार चांगली आहे. सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर तेवढा गेलाय."

सेमिनरीत अ‍ॅरिस्टॉटलचे 'सामर्थ्य' आणि 'कृती' हे शब्द आम्ही घोकले होते. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिले आणि अस्वस्थ झालो. कारण ठराव झाला त्याच सभेत व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या एका तरुणाचा विषय निघाला होता. (त्याच्या संमतीने लिहीत आहोत.) "त्याच्यात आता काही राहिलं नाही," असे कुणीतरी म्हणाले. आम्ही गप्प बसलो. कागदावर सही केली नाही, एवढेच.

यरुशलेममध्ये पौलाला सारे भीत होते, तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले (प्रेषितांची कृत्ये 9:27). पुढे तोच पौल, अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मार्कला बरोबर घ्यायला तयार होईना. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले आणि बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला (15:37-39). स्वतः पौल, आणि तरीही विसरला! मग तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (4:11) बंदिवासातला पौल मार्कलाच बोलावून घेतो. मधल्या वर्षांत बर्णबाने मार्कसाठी काय केले, ते पवित्र शास्त्र सांगत नाही.

तिसऱ्या शनिवारी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. जायला फार उशीर केला होता. तो आला, दिवसभर बॅटरी धरून उभा राहिला. चौथ्या शनिवारी आला नाही. आम्हांला वाटले, झाले! मामा मात्र काही न बोलता त्याच्या घरी चहा पिऊन आले, आणि सोमवारी नवा कपॅसिटर त्यानेच आणून दिला.

मशीन आता चालू आहे. गुडघे टेकण्याच्या मोडलेल्या फळ्या पुढील शनिवारी दुपारी 3 वाजल्यापासून करावयाच्या आहेत. मदतीस येणाऱ्यांनी हातमोजे किंवा सैल बाह्यांचे कपडे घालून येऊ नये, फिरत्या पात्यात अडकतात. नावे त्या तरुणाकडेच द्यावीत. वही त्याच्याकडे आहे.