म्हातारपणची लस आणि वैराग्य

शिरूर तालुक्यांतील कवठे येमाई हें देवीचें गांव. तेथील पारावर बसणाऱ्या वृद्धांच्या हातांवर निराळ्याच देवीचे वण अजून दिसतात. आपल्या भाषेनें गंमत करून ठेविली आहे; रोग तो देवी, आणि तो टाळण्यासाठीं टोचून घेणें तेंहि देवी काढणेंच! त्या टोचणीच्या बळावर १९७७ सालीं भारत देवीमुक्त ठरला. पण तिला संमति आईबापांनीं दिली होती. साठी उलटल्यावर आपली संमति आपणच द्यावयाची असते, आणि तेव्हां उत्तर येतें, "आतां आमचें काय राहिलें? पोरांना द्या." १ मार्च २०२१ पासून साठीपुढील सर्वांस करोनाची लस खुली झाली, त्या दिवसांत आम्हीं हें पुष्कळांच्या तोंडून ऐकिलें. यास वैराग्य म्हणावें काय?

नागिणीचें उदाहरण घेऊं. कांजिण्या बाळपणीं येऊन जातात असें आपण म्हणतों. त्या जात नाहींत. त्यांचा विषाणु मज्जातंतूंच्या मुळाशीं दडून राहतो, आणि उतारवयांत प्रतिकारशक्ति खालावली म्हणजे पुरळांचा पट्टा घेऊन वर येतो. विळखा पुरा झाला कीं माणूस दगावतो ही समजूत खोटी. पण पुरळ वाळल्यावर कित्येकांस महिनोन्‌महिने जाळणारी आग खरी.

वेल्समध्यें हिची लस १ सप्टेंबर २०१३ रोजीं सुरू झाली, ती २ सप्टेंबर १९३३ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठीं. एक दिवस आधीं जन्मलेला तिला कायमचा मुकला. (जन्मतिथीवर नशीब ठरतें, हें आमचे ज्योतिषी सांगतच होते!) एरवीं सारख्या असलेल्या या दोन गटांच्या सात वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां लसीमुळें स्मृतिभ्रंशाचें प्रमाण सुमारें एक पंचमांशानें घटल्याचें दिसलें, स्त्रियांत हा लाभ अधिक. २०२५ सालीं 'नेचर'मध्यें हें प्रसिद्ध झालें. लस त्या विषाणूस डोकें वर काढूं देत नाहीं म्हणून मेंदू वाचतो, कीं ती सबंध प्रतिकारशक्तीच जागी करते, हें अद्याप ठरावयाचें आहे. शिवाय ती लस जिवंत पण दुबळ्या विषाणूची होती; २०२३ पासून आपल्याकडे मिळूं लागलेली निराळ्या घडणीची आहे.

तेव्हां आम्ही कोणास वचन देत नाहीं. परंतु "आतां आमचें काय" हें वाक्य आम्हांस पूर्वीइतकें निर्मळ वाटत नाहीं, हें खरें. मरण ज्याचें त्याचें असेल. स्मृतिभ्रंश एकट्याचा नसतो. बाप मुलाचें नांव विसरतो, तें दुःख मुलगा भोगतो. अपरात्रीं दाराची कडी काढणाऱ्या सासऱ्यामागें सून जागते. वैराग्यानें स्वतःच्या वाट्याचें सोडावें. दुसऱ्याच्या झोपेवर पाणी सोडण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला?

मात्र वृद्धांच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. या लसीच्या मात्रा दोन, किंमत हजारोंच्या घरांत, आणि सरकारी मोफत लसीकरणांत तिचा समावेश नाहीं. कांद्याचा भाव कोसळलेल्या वर्षीं कवठ्याच्या म्हाताऱ्यानें ती रक्कम मुलापाशीं मागितली नाहीं, तर तें वैराग्य नव्हे, हिशेब होय. तो हिशेब ओळखूनहि मुलें त्याला वैराग्य म्हणतात, कारण तें सोयीचें असतें. "आबांना नको आहे" हें वाक्य आबांपेक्षां चिरंजीवच अधिक तत्परतेनें उच्चारतात, अशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. आणि तीं सगळींच गरिबांचीं नव्हतीं.